बॅरिस्टर जयकर आणि पेट्रोलवरचे दोन आणे

हायवे इंजिनिअरिंगच्या पहिल्याच युनिटमध्ये आपल्याला एक नाव भेटतं : जयकर कमिटी, १९२७. त्याखाली चार शिफारशी असतात. त्या पाठ करायच्या, पेपरात उतरवायच्या आणि पुढच्या टॉपिककडे वळायचं. हे जयकर कोणी मोठे इंजिनिअर असणार असंच बहुतेकांना वाटतं. पण ते इंजिनिअर नव्हतेच. ते वकील होते, आणि तेही मुंबईचे, मराठी. रस्त्याचे पैसे कोणी भरायचे, हा प्रश्न या देशात पहिल्यांदा नीट मांडून त्याला उत्तर देणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव वरचं आहे.

हा प्रश्न आपल्याकडे रोजचा आहे. बाइकवाला म्हणतो, मी रोड टॅक्स भरलाय, पेट्रोलवर टॅक्स भरतोय, आणि हा सायकलवाला फुकटात मध्ये मध्ये येतो. कारवाला म्हणतो, टोल मी भरतो, बाइकवाल्याला टोल नाही. ट्रकवाल्याला विचारलं तर तो म्हणतो की सगळ्यात जास्त मीच भरतो. प्रत्येकाला वाटतं की आपणच भरतोय आणि बाकीचे फुकटे आहेत. म्हणून या माणसाची गोष्ट आपल्या मॅगझिनमध्ये यायला हवी असं मला वाटलं.

मुकुंद रामराव जयकर यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ चा, पाठारे प्रभू घराण्यातला. पाठारे प्रभू म्हणजे मुंबईचे जुने रहिवासी. शिक्षण मुंबईत झालं. कायद्याची पदवी घेतली, मग विलायतेला जाऊन १९०५ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि परत येऊन मुंबई हायकोर्टात प्रॅक्टिस सुरू केली. त्याच कोर्टात तेव्हा बॅरिस्टर जीनाही होते. दोघांचे संबंध पुढे राजकारणात कधी जवळचे, कधी अगदी विरुद्ध टोकाचे राहिले. जयकरांना संस्कृतची आणि तत्त्वज्ञानाची मनापासून आवड होती. वेदांतावरचा एक इंग्रजी ग्रंथ त्यांनी संपादित करून प्रसिद्ध केला. म्हणजे रस्ता, खडी, डांबर यांच्याशी या गृहस्थांचा दूरदूरचा संबंध नव्हता.

१९१९ मध्ये जालियनवाला बागेचं हत्याकांड झालं. त्याची चौकशी करायला काँग्रेसने स्वतःची समिती नेमली, तिच्यात गांधीजींबरोबर जयकर होते. साक्षी घेणं, कागद तपासणं, ऐकीव गोष्ट बाजूला ठेवणं, हे वकिलाचं काम तिथे त्यांनी केलं. १९२३ मध्ये स्वराज्य पक्षातर्फे ते मुंबईच्या कौन्सिलमध्ये निवडून गेले. पण कौन्सिलमध्ये जाऊन फक्त अडवणूक करायची हे त्यांना पटेना. जे काम लोकांच्या फायद्याचं आहे ते करून घ्यावं आणि जे नाही त्याला विरोध करावा, अशी त्यांची भूमिका होती. त्यातून न. चिं. केळकर, डॉ. मुंजे आणि जयकर असे तिघे पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी प्रतिसहकार पक्ष काढला. अनेकांनी त्यांना मवाळ म्हटलं. मला स्वतःला वाटतं की रस्त्यांच्या कामाला असाच माणूस लागत होता. रस्ता ब्रिटिशांनी केला म्हणून त्याच्यावरून आपली बैलगाडी जात नाही असं थोडंच आहे?

१९२६ मध्ये ते दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळात गेले. आणि १९२७ च्या नोव्हेंबरात भारतीय रस्ते विकास समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. त्याच महिन्यात सायमन कमिशनची घोषणा झाली आणि देशात बहिष्काराचं वारं सुरू झालं. इतिहासाच्या पुस्तकात त्या महिन्याला सायमन सापडतो. रस्ते समिती सापडते ती फक्त आपल्या हायवेच्या पुस्तकात.

आता तेव्हाची परिस्थिती काय होती ते बघू. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आणि लॉऱ्या झपाट्याने वाढल्या. रस्ते मात्र बैलगाडीसाठी केलेले होते. खडी, मुरूम, पाणी आणि रोलर. बैलगाडीची अरुंद लोखंडी धाव या रस्त्यात चाकोरी पाडायची, आणि मोटारीचं वेगात फिरणारं रबरी चाक खडीमधली बारीक माती उडवून न्यायचं. दोघं मिळून रस्त्याची वाट लावायचे आणि एकमेकांकडे बोट दाखवायचे. आजचा सायकल आणि कारचा वाद त्या काळात बैलगाडी आणि मोटारीचा होता. इंजिनिअर लोक बैलगाडीवर चिडलेले असायचे. आपल्या खान्देशात पुढे लोखंडी धाव जाऊन टायरची गाडी आली तेव्हा कुठे रस्त्यांची त्या त्रासातून सुटका झाली.

दुसरी अडचण पैशाची होती, आणि ती कायद्यात अडकलेली होती. १९१९ च्या सुधारणांनी रस्ते हा विषय प्रांतांकडे दिला होता. प्रांतांनी त्यातले बरेचसे रस्ते लोकल बोर्डांकडे सोपवले. लोकल बोर्डाकडे पैसा यायचा कुठून, तर शेतसाऱ्यावरच्या पट्टीतून आणि नाक्यांवरच्या टोलमधून. म्हणजे शेतकरी भरायचा. मोटारीला लागणाऱ्या पेट्रोलवरची जकात मात्र थेट केंद्राच्या तिजोरीत जायची, आणि रस्ते हा केंद्राचा विषयच नव्हता. थोडक्यात, मोटारवाल्याचे पैसे दिल्लीला आणि मोटारीने उखडलेला रस्ता जिल्ह्याच्या गळ्यात. शिरपूरसारख्या तालुक्याच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. सुरत-भुसावळ रेल्वे तापीच्या पलीकडून, नरडाण्याहून जाते. शिरपूरला रेल्वे कधी आलीच नाही. (मनमाड-इंदूर मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली ती २०२४ मध्ये!) इथला कापूस बाहेर गेला तो आग्रा रोडनेच.

जयकर समितीने १९२८ मध्ये रिपोर्ट दिला. त्यातली मुख्य गोष्ट अशी की रस्त्यांचा विकास आता प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या ताकदीबाहेर गेला आहे, म्हणून तो सगळ्या देशाच्या हिताचा प्रश्न मानला पाहिजे. आणि त्यासाठी लागणारा पैसा रस्ता वापरणाऱ्या मोटारवाल्याकडून, पेट्रोलवर जादा कर बसवून घ्यावा. हा पैसा सरकारच्या इतर जमेत मिसळू नये, त्याचा वेगळा निधी असावा. उरलेल्या दोन शिफारशी, म्हणजे इंजिनिअरांची एक तांत्रिक संस्था आणि एक संशोधन संस्था, आपल्याला पाठ आहेतच.

सरकारी रिपोर्ट कपाटात जातात असं आपण म्हणतो. हा गेला नाही. १९२९ च्या मार्चपासून पेट्रोलवरची जकात गॅलनला चार आण्यांवरून सहा आणे झाली आणि वाढलेले दोन आणे रस्त्यांसाठी बाजूला पडायला लागले. हाच सेंट्रल रोड फंड. गॅलन म्हणजे साधारण साडेचार लिटर आणि दोन आणे म्हणजे साडेबारा पैसे, म्हणजे लिटरला पावणेतीन पैसे पडले. १९३४ च्या डिसेंबरात इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. आपण ज्या आयआरसी कोडवरून डिझाइनचे सबमिशन करतो तीच ही संस्था. संशोधन संस्थेला मात्र स्वातंत्र्य यावं लागलं. दिल्लीची सेंट्रल रोड रिसर्च इन्स्टिट्यूट १९५२ मध्ये सुरू झाली.

दोन आण्यांमागची आयडिया वकिलाची आहे हे लगेच लक्षात येतं. गाडी दारात उभी असेल तर पेट्रोल जळत नाही, कर लागत नाही. जास्त फिरलात तर जास्त भरा. जड गाडी जास्त पेट्रोल पिते, तिचा मालक जास्त भरतो. नाका नको, पावती नको, रांग नको. पेट्रोलची टाकी हेच मीटर. आणि ज्याच्याकडे टाकीच नाही, त्या बैलगाडीवाल्याला, सायकलवाल्याला, पायी चालणाऱ्याला या नव्या करातला एक पैसाही लागला नाही.

मग सायकलवाला खरंच फुकटा होता का? अजिबात नाही. राज्यातल्या कितीतरी नगरपालिका सायकलवर पट्टी घ्यायच्या. पैसे भरले की पत्र्याचा बिल्ला मिळायचा, तो सायकलला लावायचा. बिल्ला नसला तर अडवायचे. घरातल्या आजोबांना विचारा, बिल्ला आणि रात्रीचा दिवा यावरून कोणाकोणाला पकडलं त्याचे किस्से निघतील. ही पट्टी पुढे हळूहळू बंद पडत गेली, म्हणून आजच्या पिढीला वाटतं की सायकलवाल्याने कधी काही भरलंच नाही. शिवाय सायकल चालते कुठे? करवंद नाक्यापासून बाजारापर्यंत, नाहीतर गावाच्या आतल्या गल्ल्यांमध्ये. हे रस्ते नगरपालिकेचे. ते घरपट्टीतून आणि सरकारी अनुदानातून होतात, आणि घरपट्टी सायकलवाल्याच्या घराला पण येते. सायकल विकत घेताना तो जीएसटी भरतो. पेट्रोलवरच्या पैशातून होतो तो मुख्यतः हायवे, आणि हायवेवर सायकल न्यायची म्हणजे जीव मुठीत धरून.

आता आपल्या पद्धतीने गणित करू. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात आशो रोड टेस्ट झाली. त्यातून निघालेला नियम असा की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. आपल्याकडे स्टँडर्ड एक्सल ८१६० किलोचा धरतात. छोट्या कारच्या एका एक्सलवर ६०० किलो येतात असं धरलं तर ८१६० भागिले ६०० म्हणजे १३.६, आणि त्याचा चौथा घात साधारण ३४ हजार. म्हणजे ट्रकचा एक स्टँडर्ड एक्सल गेला की रस्त्याला कारचे ३४ हजार एक्सल गेल्यासारखं होतं. सायकल आणि माणूस मिळून ९० किलो, एका चाकावर ४५. तेच गणित केलं तर आकडा १०८ कोटींच्या पुढे जातो. इतक्या हलक्या वजनाला हा नियम शब्दशः लावता येत नाही, हे मान्य. पण मुद्दा समजायला तेवढं पुरे. सायकलने रस्ता झिजत नाही, रस्ता पावसाने झिजतो आणि ट्रकने झिजतो.

२०१८ मध्ये सरकारने चार टायरच्या सिंगल एक्सलवर चालणारं कायदेशीर वजन १०.२ टनांवरून ११.५ टन केलं. वजन वाढलं तेरा टक्क्यांच्या आसपास. चौथा घात घ्या, नुकसान वाढतं सुमारे ६२ टक्के! या जादा वजनाने डिझेल ६२ टक्के जास्त जळतं का? नाही जळत. इथेच दोन आण्यांचं मीटर कमी पडतं. पेट्रोल किंवा डिझेल साधारण अंतर मोजतं, थोडंफार वजन मोजतं, पण चौथा घात मोजत नाही. जयकरांना दोष द्यायचं कारण नाही, कारण हा नियम ते गेल्यानंतर हाती आला.

त्यांच्या योजनेतला जो दोष त्यांच्याच काळात दिसत होता, तो वेगळा आहे. निधीतला काही भाग केंद्राकडे राखीव ठेवून बाकीचा प्रांतांना वाटला जायचा, आणि वाटायचा कसा, तर ज्या प्रांतात पेट्रोलचा खप जितका तितका त्याचा वाटा. कागदावर हे एकदम न्याय्य दिसतं. ज्याने भरलं त्याला परत मिळालं. पण ज्या भागात रस्ता नाही तिथे मोटार नाही, मोटार नाही म्हणून पेट्रोलचा खप नाही, आणि खप नाही म्हणून रस्त्याला पैसा नाही. भरणाऱ्यालाच द्यायचं ठरवलं तर सातपुड्याच्या पायथ्याचा आदिवासी पाडा जन्मभर पायवाटेवरच राहणार. मला वाटतं, ज्याने भरलं त्याचाच रस्ता, हा नियम कर घेताना ठीक आहे, पैसे वाटताना नाही.

हे सुधारायला फार वर्षं गेली. पेट्रोलवरचा कर वाढत गेला, पण रस्ते निधीचा वाटा त्या प्रमाणात वाढला नाही. बाकीचा पैसा सर्वसाधारण तिजोरीत गेला. शेवटी २००० मध्ये सेंट्रल रोड फंडाचा स्वतंत्र कायदा झाला आणि पेट्रोलबरोबर डिझेलचा सेसही त्यात आला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली, आणि डिझेलच्या सेसमधला अर्धा भाग खेड्यांच्या रस्त्यांसाठी ठेवला गेला. राज्यांना पैसे देताना खपाबरोबर क्षेत्रफळही धरायला लागले. म्हणजे हायवेवरचा ट्रक डिझेल जाळतो आणि त्यातून एखाद्या वस्तीपर्यंत डांबर पोचतं. २०१८ मध्ये हा सेस लिटरला आठ रुपये झाला आणि निधीच्या नावात 'इन्फ्रास्ट्रक्चर' हा शब्द घुसला. आता तो रस्त्यांशिवाय इतर सुविधांनाही वापरता येतो. रस्त्याचा पैसा रस्त्यालाच, ही समितीच्या रिपोर्टमधली अट तिथे सैल झाली.

जयकरांकडे परत येऊ, कारण रस्ते समिती हा त्यांच्या आयुष्यातला जेमतेम एक वर्षाचा तुकडा आहे. १९३० मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना सरकार आणि काँग्रेस यांच्यात समेट व्हावा म्हणून सर तेज बहादूर सप्रू आणि जयकर या जोडीने खटपट केली. ती तेव्हा जमली नाही. गोलमेज परिषदांना ते गेले. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत ते होते आणि करारावर त्यांची सहीसुद्धा आहे. १९३७ मध्ये फेडरल कोर्ट स्थापन झालं तेव्हा पहिल्या न्यायाधीशांत त्यांची नेमणूक झाली. तिथून ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलवर गेले.

१९४६ च्या डिसेंबरात घटना समितीत नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीग तेव्हा आलेली नव्हती. लीग आणि संस्थानं येईपर्यंत हा ठराव थांबवा अशी दुरुस्ती जयकरांनी सुचवली. सभागृहाला ती आवडली नाही. पण डॉ. आंबेडकरांनी त्याच मुद्द्याच्या बाजूने भाषण केलं, आणि ठरावावरचं मतदान खरोखर जानेवारीपर्यंत लांबलं. नंतर जयकरांनी घटना समितीचा राजीनामा दिला. फाळणीमुळे आंबेडकरांची बंगालमधली जागा गेली होती. १९४७ मध्ये जयकरांच्या रिकाम्या जागेवर ते मुंबईतून निवडून आले आणि पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. जयकरांची ती खुर्ची कोणाला मिळाली, हे आपल्या पॉलिटेक्निकच्या काय, इंजिनिअरिंगच्याही पोरांना माहीत नसतं.

नंतर पंचाहत्तरीला टेकलेल्या या माणसाने एक नवीनच काम अंगावर घेतलं. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं, गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात. जयकर पहिले कुलगुरू. १९५६ पर्यंत ते त्या पदावर होते. विद्यापीठाच्या कक्षेत तेव्हा मुंबई राज्यातले बारा जिल्हे होते, त्यात आपले पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश पण. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, तोपर्यंत इथल्या कॉलेजांच्या डिग्र्या पुण्याच्याच असायच्या. तिथल्या ग्रंथालयाला जयकरांचं नाव आहे. पुण्यात शिकलेल्या कोणालाही 'जयकर' म्हटलं की लायब्ररी आठवते, माणूस नाही. आत्मचरित्र त्यांनी इंग्रजीत दोन खंडांत लिहिलं. १९५९ च्या मार्चमध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्या आत्मचरित्राच्या काळात देशात मोटारी एवढ्या कमी होत्या की रस्त्याचा खर्च पेट्रोलवर टाकला तर गरिबाला झळ लागत नव्हती. आज पेट्रोल भरणाऱ्यांत दूधवाला आहे, शेतमजूर आहे, आपल्यापैकी बसऐवजी बाइकवर येणारे आहेत. हा बदल मोठा आहे. म्हणून दुचाकीला टोल नाही याचा कारवाल्यांनी राग करू नये. दुचाकीचं वजन बघा आणि वरचं गणित परत एकदा करा. राज्याचा वाहनकर ती घेतानाच भरलेला असतो आणि प्रत्येक लिटरला सेस जातोच.

आणि काही लोक रस्त्याची किंमत वेगळ्या प्रकारे भरतात, तिची पावती फाटत नाही. ४ जुलै २०२३ ला आपल्याच तालुक्यात पळासनेरजवळ, घाटाकडून येणारा एक कंटेनर ब्रेक निकामी होऊन वाहनांना धडकत हायवेच्या कडेच्या हॉटेलात घुसला. अनेकांचा जीव गेला. त्यात बसची वाट बघत उभे असलेले लोक पण होते. त्यांनी टोल भरला नव्हता, कारण त्यांच्याकडे गाडीच नव्हती. रस्ते निधीतून हायवेची लेन वाढवायची की कडेला उभं राहायला सुरक्षित जागा, सर्व्हिस रोड आणि ओलांडायला भुयारी मार्ग करायचा, या हिशेबात ही माणसं कुठल्या रकान्यात धरायची?

आता पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक स्कूटरी दिसायला लागल्या आहेत. त्या पेट्रोल पीत नाहीत, म्हणजे सेस नाही. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणाने त्यांना वाहनकरातूनही सूट दिली. स्कूटरचं ठीक आहे, ती हलकी असते. उद्या या हायवेवरून बॅटरीवर चालणारे चाळीस टनी ट्रक जायला लागले तर त्यांच्याकडून रस्त्याचे पैसे किलोमीटरवर घ्यायचे की एक्सलच्या वजनावर, हे ठरवायला एखादी नवी समिती बसेल. तिच्या शिफारशी पुढच्या बॅचेसना चार मार्कांना येतील. अध्यक्ष इंजिनिअर असेल की वकील, ते आत्ता सांगता येत नाही.